मेळवणाची शेवटची गोणी

१

"बायको रोज विचारते, कारखान्यात जाता की हवेलीत दर्शनाला? सदरा काढला की चंदनाचा घमघमाट. अगं, मशीनवर राबणाऱ्या माणसाला घामाचा वास यावा की नाही?"

परसोत्तमकाका कुणाला उद्देशून बोलत नव्हते. फक्त तरुबेनच्या कानापासून दीड हातावर उभे राहून बोलत होते. तिने दुसरी अगरबत्ती पहिलीवर धरून पेटवली आणि मागे न वळता म्हणाली, "काका, घामच हवा असेल तर तुमचा पंखा पॅकिंगच्या बायकांना देऊन टाकते."

"पंख्याचं नाव नको काढूस. हा ड्रायरसुद्धा आता घमघमतो. झाकण उघडलं की वाटतं, आत नायलॉन नाही, ठाकोरजीच विराजलेत."

तरुबेनने अगरबत्त्या फोटोखाली खोचल्या. फोटोत इंदुवदन अमीन होते, एक भुवई किंचित वर, जसे ते चुकलेला आकडा बघताना दिसायचे. मकरपुऱ्याचा हा कारखाना त्यांचा. जेठात, पावसाळ्याच्या तोंडावर गेले. नायलॉन वाळवायच्या या उंच ड्रायरला कोपर टेकून, बशीत ओतून चहा प्यायची त्यांची रोजची जागा होती. म्हणून दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला, पाच महिने बंद पडलेली नायलॉनची लाइन नारळ फोडून पुन्हा सुरू केली तेव्हा, फोटो इथेच लावायचा असं तिने ठरवलं. पत्र्याला खिळा ठोकता येईना, तर ड्रायरच्या अंगावरच्या पट्ट्यांना तिने स्वतः तारेनं बांधला. कुणी हरकत घेतली नाही. बावीस वर्षांत तरुबेनच्या काही गोष्टींना या कारखान्यात कुणी हरकत घेतली नव्हती, आणि कुणी त्यांचं नावही काढलं नव्हतं.

"तरुबेन!" स्टोअरच्या दारातून मलय त्रिवेदी ओरडला. प्रॉडक्शन तो बघायचा. त्याचा आवाज कधी चढत नसे. "मेळवणाची गोणी तुम्ही हलवलीत?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? इंदुकाकांच्या हातची. शेवटची."

तरुबेनचा हात अगरबत्तीच्या निखाऱ्याला लागला.

स्टोअरमध्ये फळीवर गोणीएवढा चौकोन स्वच्छ होता, भोवती धूळ. गोणी नव्हती.

२

नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलिन यांचं जमत नाही. नायलॉन पाण्याचा हावरा, हवेतली ओलसुद्धा पिऊन घेतो. पॉलिप्रॉपिलिन पाण्याला अंगाशी येऊ देत नाही. दोघांना वितळवून कितीही घुसळा, थंड झालं की ताकावर तेल तरंगावं तसे आपापले वेगळे होतात, आणि त्या मालाची पट्टी वाकवली तर खारी बिस्किटासारखी पापुद्र्यांनी तुटते. म्हणून मध्ये तिसरा लागतो. त्याची साखळी पॉलिप्रॉपिलिनच्याच घरची, पण तिच्यावर आम्लाचे बारीक आकडे, हुकांसारखे, बसवलेले. मशीनच्या स्क्रूमध्ये, दोनशे चाळीस डिग्रीच्या धगीत, मिनिटाभरात ते आकडे नायलॉनच्या टोकांचा हात धरतात. एकदा धरला की सुटत नाही. या तिसऱ्याला कारखान्यात सगळे मेळवण म्हणत, दह्याच्या विरजणाला म्हणतात तेच. इंदुभाई ते घरीच बनवायचे.

त्यांच्या मागे मेळवण बनवलं त्यांच्या मुलाने, उर्विशने. ओहायोत शिकलेला, बापाच्या वहीत बघून, ग्रॅमभरही इकडे तिकडे न करता. राजकोटच्या पंपवाल्याला पंपाच्या पंख्यांसाठी माल हवा होता. पहिला लॉट तुटला. दुसराही तुटला. तिसरा शुक्रवारी, पंपवाल्याच्या माणसासमोर. तो तुटला तर लाइन बंद, मशीन अंकलेश्वरच्या पार्टीला, आणि उर्विश परत ओहायोला. हे त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, जमिनीकडे बघत.

म्हणूनच शेवटची गोणी काढायचं ठरलं होतं. शुक्रवारचा लॉट तिच्यातून.

"पोलीस नकोत," उर्विश म्हणाला. "मम्मीला कळायला नको. तरुबेन, तुम्ही शोधा. तुम्हाला इथली भिंतसुद्धा उत्तर देते."

"भिंत देते रे, माणसं देत नाहीत," तरुबेन म्हणाली. "तुझ्यापासूनच सुरुवात करू?"

तो दचकला. "माझ्यापासून?"

"तुझं मेळवण दोनदा फसलं. बापाचं चाललं असतं तर चूक कुणाची ठरली असती?"

उर्विश खिडकीकडे वळला. पोरगा पप्पांच्या दहनाला पोचू शकला नव्हता. विमान तिसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून तो त्या फोटोसमोरून जाताना मान खाली घालून जायचा.

"ती गोणी मला उघडायचीच नव्हती," तो म्हणाला. "पप्पांनी हातानं शिवलेली ती शेवटची गोष्ट आहे. मलयभाई म्हणाले म्हणून हो म्हटलं. घरी जाऊन मग झोप लागली नाही."

खोटं बोलणारा माणूस इतकं बिनकामाचं सांगत नाही. तरुबेनने त्याचं नाव मनात खोडलं, मात्र पेन्सिलने.

तपासणीच्या खोलीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या खोलीत, ती परतली आणि दारातच थबकली. तिच्या मशीनचा काटा तीनवर होता.

३

ते मशीन म्हणजे एक जड हातोडा, उंचावरून झोका घेणारा. खाली पट्टी उभी करायची, हातोडा सोडायचा. पट्टी मोडायला जेवढा जोर लागला तेवढ्यावर काटा थांबतो आणि हाताने मागे आणेपर्यंत तिथेच राहतो. चांगला माल अकरा-बारा दाखवतो. फसलेले दोन्ही लॉट तीनवर मोडले होते. शनिवारी निघताना तिने काटा शून्यावर आणला होता. रोज आणायची, घरातून निघताना बायका गॅस बघतात तसा. रविवार-सोमवार कारखाना बंद होता.

म्हणजे सुट्टीत कुणीतरी येऊन पट्टी मोडली होती. तिच्या मशीनवर. आणि तीही तीनवर.

मोडलेले तुकडे कुठेच नव्हते. पण हा हातोडा अर्धा तुकडा कुठे उडवतो हे बावीस वर्षं केर काढलेल्या बाईलाच ठाऊक. तरुबेनने फूटपट्टी घेतली, जमिनीवर आडवी झाली आणि कपाटामागून एक तुकडा ओढून काढला. गुडघे कटकटले.

"नमाज पढताय की काय?" मलय दारात उभा होता.

"तुझीच वाट बघत होते. बस. अंकलेश्वरवाले किती देतायत?"

मलय हसला, पण बसला. "दीडपट. कुणी सांगितलं?"

"तू गेले पंधरा दिवस इस्त्रीचा शर्ट घालतोस."

"हो, बोलावलंय त्यांनी. म्हणून मी गोणी पळवली? तरुबेन, त्यांच्याकडे मेळवण ट्रकनं येतं, परदेशी कंपनीचं, छापील पोत्यातून. मीच उर्विशला म्हटलं, आपणही विकत घेऊ. तर साहेबांचा बापाच्या वहीवर जीव. आपलं घरचं विरजण दुसरं कोण चोरणार?" तो उठला, मग थांबला. "राग नका मानू. मला जायचं नाहीये. पण या हॉलमध्ये आता सगळे दबक्या पावलांनी चालतात. रोज बेसण्याला, सांत्वनाच्या बैठकीला आल्यासारखं वाटतं."

इंदुभाईंच्या बेसण्यात ती चपलांजवळ बसली होती, पॅकिंगच्या बायकांमध्ये. लोक रांगेनं येऊन त्यांच्या पत्नीसमोर, निरुपमाबेनसमोर, हात जोडत होते. तिनेही जोडले. मग बाहेर येऊन चपला शोधत बसली. पायातच होत्या.

मलय बरोबर बोलत होता. ही गोणी बाहेरच्या चोराच्या काही कामाची नव्हती. तिचं मोल या छपराखालच्या माणसांनाच.

तिने मूठ उघडली. तुकडा दुधी पांढरा होता. पंपवाल्याचा सगळा माल काळा. आणि मोडलेल्या कडेजवळ माशाच्या खवल्यासारखी रुपेरी रेघ चमकत होती. फसलेल्या काळ्या पट्ट्यांवर होती तशीच.

ती स्टोअरमध्ये परत गेली. या वेळी फळीकडे न बघता खाली बघितलं. कोपऱ्यात पांढरा सुती दोरा पडला होता. हातभर लांब, सलग, कुठेही न कापलेला.

४

दुपारी जेवणाच्या सुट्टीत परसोत्तमकाका मशीनच्या सावलीत डबा उघडून बसले होते. तरुबेन समोर बसली. काकांनी न विचारता थेपला तिच्या झाकणात टाकला, तिने लोणचं त्यांच्या झाकणात. हे सव्वीस वर्षं इथे राबलेल्या माणसाचं आणि बावीस वर्षं राबलेल्या बाईचं जेवण होतं.

"काका, शिवलेली गोणी मलय कशी उघडतो?"

"ब्लेडनं. अडाणी. गोणी फुकट घालवतो."

"उर्विश?"

"त्याला गोणी उघडायची असते हेच माहीत नाही."

"मी?"

"तू कात्री शोधतेस, मिळत नाही, मग मला हाक मारतेस."

"आणि तुम्ही उजव्या कोपऱ्यातला टाका सोडवता आणि एकच झटका देता. सगळा दोरा एका दमात बाहेर." तिने पदराच्या गाठीतून दोरा काढून थेपल्याशेजारी ठेवला. "असा."

काकांचा घास हातातच राहिला. हॉलमध्ये फक्त ड्रायरचा पंखा घोंघावत होता, दमा झालेल्या माणसासारखा.

"स्टोअरची किल्ली तुमच्याकडे," तरुबेन हळू म्हणाली. "सुट्टीत येऊन मशीन तापवणं तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. तुम्ही थोडं मेळवण काढलंत, रंग न घालता छोटा घाणा केलात, पट्ट्या पाडल्यात, माझ्या मशीनवर मोडल्यात. तुकडे उचललेत, पण एक कपाटामागे गेला. आणि काटा मागे आणायला विसरलात. चोराला माल हवा असतो, काका. तुम्हाला उत्तर हवं होतं. एवढंच कळत नाही, उत्तर मिळाल्यावर गोणी का लपवलीत?"

काकांनी डबा बंद केला. झाकण दोनदा चुकलं.

"घरी आहे. देवाच्या फळीखाली. बायकोला सांगितलंय, शेठांची अमानत आहे." त्यांचे डोळे भरले आणि ते वैतागले, डोळ्यांवरच. "अगं, मला वाटलं होतं, पोरगा चुकतोय. शेठांचं मेळवण घातलं की पट्टी अशी वाकेल, बघत राहाल सगळे. शुक्रवारी त्या पंपवाल्यासमोर काढण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून घेऊ म्हटलं. फक्त मी. शेठ होते तेव्हा असंच तर होतं. पहिला घाणा मी आणि ते."

"मग?"

"तुटली. पाचही तुटल्या. बिस्किटासारख्या." त्यांनी फोटोकडे पाठ केली, जणू ऐकू जाईल. "शेठांच्या हातचं मेळवणही तुटलं, तरु. आता हे मी कुणाला सांगू? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं सगळं नशिबावर चाललं होतं. म्हटलं, गोणीच नको. गोणी नाही तर नाव शाबूत."

तरुबेन उठून उभी राहिली. थेपला मांडीवरून खाली पडला, तिला कळलंही नाही.

"काका, पुन्हा सांगा. त्यांचं मेळवणही तीनवर तुटलं?"

"किती वेळा वदवून घेशील?"

"रुपेरी रेघ होती?"

"होती."

"मग काका," ती म्हणाली, "चूक मेळवणात नाहीच."

५

ऑफिसात तिने चौघांपुरता चहा मागवला, म्हणजे आता वेळ लागणार हे सगळ्यांना कळलं. काकांनी आपणहून सगळं सांगितलं. उर्विश रागावेल असं वाटलं होतं. तो उठला आणि खुर्ची काकांकडे सरकवली.

"आता ऐका," तरुबेन म्हणाली. "पहिला लॉट तुटला तेव्हा आपण सगळे काय म्हणालो? काय बदललं? मेळवण बदललं. मग दोष मेळवणाचा. सोपं झालं. पट्टीवर रुपेरी रेघ होती. ती बहुतेक वेळा वाफेची असते, ओल्या नायलॉनची, हे मी विसरले नव्हते. पण ड्रायरचा आकडा ऐंशी, नोंदवही स्वच्छ. आणि उर्विश म्हणाला, नव्या मेळवणात न जुळलेलं आम्ल उरलं असेल, त्याचा धूर रेघ पाडतो."

"पाडतोही," उर्विश म्हणाला.

"पाडत असेल. पण पप्पांच्या मेळवणात कुठून आलं उरलेलं आम्ल? तिथेही तीच रेघ. म्हणजे ती ओलीचीच. मेळवणाचे आकडे नायलॉनचा हात धरायला निघाले आणि मध्ये पाणी आलं. आकडे पाण्यालाच धरून बसले. नायलॉन उभा राहिला तसाच."

तिचे वडील कंसारा होते, मांडवीत तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. झाळायच्या आधी दोन्ही तुकडे शेगडीजवळ धरून म्हणायचे, ओल मध्ये असेल तर देवही झाळू शकत नाही. शाळा सातवीत सुटलेली तरुलता पुढे जे जे शिकली ते तिने या एका वाक्यावर रचलं होतं.

"पण ड्रायर चालू आहे!" मलयने नोंदवही आपटली. "ऐंशी डिग्री, सहा तास, रोज सही!"

"सही तुझी आहे, डिग्री काट्याची आहे. दाण्यांना कुणी विचारलं?" ती उर्विशकडे वळली. "तुझे पप्पा रोज सकाळी ड्रायरला टेकून चहा प्यायचे. चहाआधी काय करायचे?"

उर्विशला ठाऊक नव्हतं. काका मात्र हळूच म्हणाले, "काचा."

"काचा. शेगडीवर दोन काचांमध्ये चार दाणे दाबायचे आणि बघत राहायचे. आपण म्हणायचो, शेठांचा छंद. त्यांच्यामागे कुणी केलं नाही. मीही नाही." तिने फडक्यात गुंडाळलेल्या दोन काचा टेबलावर ठेवल्या. "त्या काचा माझ्या खणात होत्या. हात लावावासा वाटला नाही."

तिच्या खोलीत शेगडी तापली. ड्रायरमधून काढलेले चार दाणे तिने काचेवर ठेवले. वाटीतून चंदनाचा मंद वास आला. वरून दुसरी काच दाबली. दाणे विरघळून नाण्याएवढे पारदर्शक झाले. आणि मग त्यांच्यात बुडबुडे आले. एक, चार, मग मोजता येईनात. पावसाळाभर उघड्या गोण्यांत बसून प्यायलेलं सगळं पाणी जागच्या जागी होतं.

"सहा तास वाळवलेला माल," मलय पुटपुटला.

"हवाच खेळत नसेल तर?" उर्विश एकदम म्हणाला. "हीटर तापतो, काटा ऐंशी दाखवतो. पण गरम हवा दाण्यांपर्यंत जातच नाही. ब्लोअर हवा ओढतो कुठून?"

काकांनी सव्वीस वर्षं ते मशीन पुसलं होतं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तरुबेनकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. तिलाही त्याच क्षणी कळलं. ड्रायरमधून चंदनाचा वास येतो, असं काका सकाळीच कुरकुरले नव्हते का? धूर आत जातो तो ज्या वाटेनं हवा आत जाते त्याच वाटेनं.

लाभपाचमेला दोन गोष्टी बदलल्या होत्या. मेळवण, आणि अजून एक. ती तिने स्वतःच्या हाताने तारेनं बांधली होती.

६

चौघंही ड्रायरसमोर उभे राहिले. इंदुभाई एक भुवई वर करून त्यांच्याकडे बघत होते. फ्रेमच्या मागे, कडेकडेनं, हवा ओढायच्या जाळीच्या पट्ट्या आता सगळ्यांना स्पष्ट दिसत होत्या. ज्या पट्ट्यांना कोपर टेकून माणूस उभा राहायचा तिथे वारा लागतो, म्हणूनच तर तो तिथे उभा राहायचा.

"काढूया," मलय म्हणाला आणि मागे सरकला.

"मी हात लावणार नाही," काका म्हणाले. "शेठांना माझ्या हातानं उतरवू?"

"वर्षी होईपर्यंत..." उर्विशने वाक्य अर्धंच सोडलं.

तरुबेनने हात वर केला. तारेपर्यंत नेला. बोटं वळेनात. एवढ्या वर्षांत त्या माणसाला तिने कधी स्पर्श केला नव्हता. लाभपाचमेला फ्रेम पुसताना पहिल्यांदा काचेवरून त्याच्या गालावर फडकं फिरवलं होतं. तेवढं एक तिला मिळालं होतं, आणि त्यानेच त्याचा कारखाना गुदमरत होता.

"मला जमत नाही," ती म्हणाली.

मग उर्विशने घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरुपमाबेन रिक्षातून उतरल्या, हातात स्टीलचा डबा. या हॉलमध्ये त्या फार तर वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कुणी बांधला ते कुणी सांगितलं नाही; त्यांनी विचारलंही नाही. डबा काकांच्या हातात दिला, पदर खोचला, आणि तारेच्या गाठी एकेक करून सोडवल्या.

"जिवंतपणी कधी कुणाची वाट अडवली नाही या माणसानं," त्या फोटोला म्हणाल्या. "आता कसली सवय लावून घेतली?"

मलयला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. जाळीच्या आत राखेचा आणि काजळीचा करडा थर साचला होता, लोकरी नमद्यासारखा. काकांनी गाळणी काढून झटकली, पट्ट्या ब्रशनं घासल्या, बटण दाबलं. ड्रायरचा आवाज बदलला. दम्याचा माणूस जणू अंगणात येऊन मोकळा श्वास घेऊ लागला. उर्विशने जाळीपुढे रुमाल धरला. रुमाल खेचून चिकटला, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बापाची भुवई दिसली.

सहा तास थांबायचं होतं. निरुपमाबेन घरी गेल्या नाहीत. डब्यात हांडवो होता. सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. फोटो त्यांच्या मांडीवर होता, उताणा. तरुबेनने त्यांच्या जवळून जायचं टाळायला चार कामं शोधून काढली आणि तीच चार पुन्हा केली.

तीन वाजता काचांमध्ये चार दाणे विरघळले. एकही बुडबुडा नाही. मेळवण उर्विशचं घेतलं, त्याच्याच हातचं. गोणी देवाच्या फळीखालीच राहू दे, असं तो म्हणाला. मशीन फिरलं. पट्ट्या पडल्या, काळ्याभोर, अंगावर रेघ नाही. तरुबेनने पहिली पट्टी उभी केली, काटा शून्यावर आणला आणि हातोडा सोडला.

धप्प असा आवाज आला, नेहमीचा कडाक नाही. पट्टी मोडली नव्हती. वाकली होती, वाकल्या जागी पांढरटली होती, पण दोन्ही अर्धे एकमेकांना धरून होते. काटा बारावर.

काकांनी पट्टी दोन्ही हातांत घेऊन मागेपुढे वाकवली, पुन्हा वाकवली. "सुटत नाही," ते म्हणाले. "बघ, उर्विश, सुटतच नाही." उर्विशने त्यांच्या हातातून ती घेतली आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मलय राजकोटला फोन लावायला धावला. थोड्या वेळाने काका पोराच्या मागे गेले.

खोलीत दोघीच उरल्या. तरुबेन काटा मागे आणू लागली. खरं तर तो आलेला होता.

"मीच बांधला होता, भाभी," ती म्हणाली. "दोन लॉट माझ्यामुळे गेले. मी बघायला हवं होतं. मला फक्त ते जिथे उभे राहायचे तिथे..." ती टेबल पुसू लागली.

निरुपमाबेननी फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला, काचेवरची राख पदराने पुसली आणि फ्रेम टेबलावर, तिच्या फडक्याच्या वाटेतच ठेवली.

"घरी एक आहे माझ्याकडे. हा तुम्ही न्या. खिडकीपाशी लावा, म्हणजे धूर बाहेर जाईल."

"मी? मी कशी नेऊ? लोक काय..."

"लोक बावीस वर्षं गप्प आहेत. मीही होते. घरी येऊन ते सांगायचे, आज तरुबेननं अशी चूक पकडली, आज तरुबेन अशी हसली. मी भाजी ढवळत ऐकायची. त्यांनी कधी काही वावगं केलं नाही, तुम्हीही नाही. म्हणून तर कुणाला बोलता आलं नाही." त्यांनी तरुबेनच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "बेसण्यात तुम्ही चपलांपाशी बसलात, ते मी बघितलं होतं. उठून तुमच्याकडे यायला हवं होतं मी. आले नाही. आज आले. रडा आता, तरुबेन. तुमचाही माणूस गेलाय."